कामतांची दोन मते

घटनासमितीच्या आठवणी आपल्या देवस्थानांच्या सभामंडपांत निघाल्या, की एक प्रसंग बहुधा सांगितला जातो. १९४९ सालच्या ऑक्टोबर महिन्याची १७ तारीख होती. घटनेच्या मसुद्याचे दुसरे वाचन संपत आले होते आणि अखेरीस सरनामा विचारास आला होता. अध्यक्षस्थानी डॉ. राजेंद्रप्रसाद होते. श्री. हरि विष्णु कामत उठले आणि त्यांनी उपसूचना मांडली, की ‘आम्ही भारताचे लोक’ या शब्दांच्या आधी ‘परमेश्वराच्या नावाने’ हे शब्द घालावेत. सभागृहात चलबिचल झाली. कामाख्येच्या प्रांतातून आलेले श्री. रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, की देव घ्यायचा तर देवी का नको? पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी आक्षेप घेतला, की ज्या सरनाम्यात श्रद्धेचे स्वातंत्र्य द्यायचे, त्याच सरनाम्यात एका श्रद्धेची सक्ती बसत नाही. श्रीमती पूर्णिमा बॅनर्जी यांनी विनविले, की परमेश्वराचे नाव मतास टाकण्याचा प्रसंग आमच्यावर आणू नका. कामत मागे सरले नाहीत. हात वर करून मते मोजण्यात आली. उपसूचनेच्या बाजूने ४१ आणि विरुद्ध ६८ मते पडली व उपसूचना फेटाळली गेली.

देवाला कौल लावण्याची रीत आपल्याकडे आहे. देवाविषयी कौल घेण्याची नाही. म्हणून या प्रसंगाविषयी आपल्या मंडळींत दोन तट पडतात. कोणी कामतांना धर्मनिष्ठ म्हणून गौरवितात. कोणी म्हणतात, की देवाचे नाव असे पणास लावायला नको होते. या वादात निर्णय देण्याचा आमचा मानस नाही. आमचे म्हणणे एवढेच, की कामतांच्या या एका मताच्या प्रकाशात त्यांचे दुसरे मत झाकोळून गेले आहे. ते दुसरे मत याच्याही आधी, बरोबर ५८ दिवस आधी, त्यांनी त्याच सभागृहात दिले होते. त्या दिवशी प्रश्न देवाचा नव्हता, मंत्र्यांच्या अधिकाराचा होता. आज आम्ही लिहिणार आहोत ते त्या मताविषयी, कारण त्याची किंमत पुढे या देशाने प्रत्यक्ष चुकती केली.

प्रथम या गृहस्थांचा परिचय करून देणे अवश्य आहे. कामतांचा जन्म १९०७ साली मंगळुरास झाला. कामत हे आडनाव आपल्या वाचकांस परके नाही. ऐन तारुण्यात ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये शिरले. त्या काळी त्या नोकरीसाठी बुद्धिमंतांची घरेच्या घरे जिवाचे रान करीत. कामतांनी ती नोकरी १९३८ साली सोडली आणि ते सुभाषचंद्र बोस यांच्याबरोबर राजकारणात उतरले. फॉरवर्ड ब्लॉकमध्ये त्यांनी काम केले. महायुद्धाच्या काळात तुरुंगवास सोसला. म्हणजे ज्या खुर्चीत बसून माणसाच्या अटकेवर सही करता येते ती खुर्ची त्यांनी पाहिली होती, आणि त्या सहीने ज्या कोठडीचे दार बंद होते ती कोठडीही पाहिली होती. घटनासमितीत ते मध्यप्रांत व वऱ्हाडातर्फे निवडून आले. उपसूचनांच्या बाबतीत ते फार हौशी सभासद गणले जात. त्यांच्या उपसूचना बहुधा पडत, आणि सभागृह त्यांच्या चिकाटीस कधी हसे, तर कधी कंटाळे.

आता ऑगस्ट १९४९ कडे वळू. त्या महिन्यात घटनेच्या मसुद्यातील आणीबाणीची कलमे चर्चेस आली. आज ज्यास आपण ३५२ वे कलम म्हणतो ते तेव्हा २७५ वे होते. ३५९ वे कलम तेव्हा २८० वे होते. पहिल्याचा आशय असा, की युद्ध, परचक्र किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे देशाच्या सुरक्षिततेस धोका आहे असे राष्ट्रपतींचे समाधान झाले म्हणजे त्यांनी आणीबाणी पुकारावी. दुसऱ्याचा आशय असा, की आणीबाणी चालू असता राष्ट्रपतींनी हुकूम काढला, तर मूलभूत हक्कांच्या रक्षणार्थ न्यायालयात जाण्याचा नागरिकाचा मार्ग तेवढ्या काळापुरता बंद व्हावा. हक्क कागदावर राहील; त्यासाठी दार ठोठावता मात्र येणार नाही.

येथे कायद्याशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी एक खुलासा करतो. घटनेत जेथे ‘राष्ट्रपती’ असा शब्द येतो, तेथे बहुतेक ठिकाणी ‘मंत्रिमंडळ’ असा अर्थ घ्यायचा असतो. राष्ट्रपती मंत्र्यांच्या सल्ल्याने चालतात. सही त्यांची, इच्छा मंत्र्यांची. तेव्हा राष्ट्रपतींस अधिकार दिला याचा व्यवहारातला अर्थ, त्या दिवशी जे कोणी मंत्री असतील त्यांस तो दिला. कामतांच्या विरोधाचा सगळा गाभा येथे आहे.

२ ऑगस्टच्या भाषणात कामतांनी सांगितले, की आपण जगातील बहुतेक लोकशाही राज्यघटना धुंडाळल्या आणि या प्रकरणास जोड कोठेही सापडली नाही. जवळचे साम्य एकच, जर्मनीच्या वायमार घटनेचे, आणि ती घटना हिटलरने तिच्यातल्याच अशा तरतुदींचा फायदा घेऊन मोडली. या एका प्रकरणाने आपण पोलिसी राज्याचा पाया घालीत आहोत, असे भय त्यांनी बोलून दाखविले. हक्कांची दारे बंद करण्याचा अधिकार द्यायचाच असेल, तर तो मंत्र्यांच्या हुकमावर न सोडता संसदेच्या हाती ठेवावा, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. २० ऑगस्टला २८० वे कलम संमत झाले. त्यात संसदेच्या वाट्यास एवढेच आले, की असा हुकूम शक्य तितक्या लवकर दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा. ठेवावा म्हणजे दाखवावा. संमत करून घ्यावा असे नव्हे. कलम संमत होताच कामत उठले आणि हा दिवस लज्जेचा व दुःखाचा आहे, परमेश्वर भारतीयांस सहाय होवो, अशा अर्थाचे उद्गार काढून खाली बसले.

कामतांवर अन्याय होऊ नये, तसा त्यांच्या विरोधकांवरही होऊ नये. वायमारविषयी कामतांचे बोलणे सर्वस्वी बिनचूक नव्हते. बोलण्याच्या ओघात त्यांनी ती घटना हिटलरी राज्याचीच म्हटली. वस्तुतः ती त्याच्या आधीच्या प्रजासत्ताकाची. शिवाय तिच्या ४८ व्या कलमाने सगळे काम झाले नाही. २८ फेब्रुवारी १९३३ च्या वटहुकमाने नागरिकांचे हक्क तहकूब झाले ते त्या कलमाखाली, हे खरे. परंतु घटनेचा कणा मोडला तो २३ मार्च १९३३ च्या कायद्याने, आणि तो कायदा लोकप्रतिनिधींच्या मतांनीच संमत झाला होता. संसदेस न विचारता मंत्रिमंडळाने कायदे करावेत, अशी मुभा त्या कायद्याने दिली. बाजूने ४४४ मते पडली. विरुद्ध ९४, ती सर्व सोशल डेमोक्रॅट पक्षाची. कम्युनिस्ट प्रतिनिधींस सभागृहात येऊच दिले नव्हते. कायद्यास चार वर्षांची मुदत होती. ती पुन्हा पुन्हा वाढविली गेली आणि राज्य बुडेपर्यंत कायदा उभा राहिला. तेव्हा या उदाहरणावरून निघणारा धडा कामतांनी सांगितला त्याहूनही कडू आहे. मंत्र्यांस अमर्याद सत्ता घटनेतल्या फटीतून मिळते, तशीच ती सभासदांच्या वर केलेल्या हातांतूनही मिळते.

आणि विरोधकांची बाजू? १९४९ साली ती लेचीपेची नव्हती. फाळणीच्या रक्ताचे डाग वाळले नव्हते. काश्मीरची लढाई त्याच वर्षीच्या पहिल्या तारखेस थांबली होती. हैदराबादेत सप्टेंबर १९४८ मध्ये लष्कर पाठवावे लागले होते. तेथील आमच्या वाचकांच्या वडीलधाऱ्यांनी रझाकारांचे दिवस अंगावर काढले आहेत, त्यांस दुबळ्या राज्ययंत्रणेचे भय वेगळे समजावून सांगावयास नको. अल्लादि कृष्णस्वामी अय्यर, टी. टी. कृष्णम्माचारी, खुद्द डॉ. आंबेडकर, ही माणसे स्वातंत्र्याची वैरी नव्हती. राज्यच उरले नाही तर हक्क कोणाच्या आश्रयाने नांदणार, असा त्यांचा सवाल होता. राज्यांतील सरकारे दूर करण्याविषयीच्या कलमासंबंधी तर ४ ऑगस्टला डॉ. आंबेडकरांनी आशा प्रकट केली, की असली कलमे वापरण्याचा प्रसंगच न येवो, ती मृतवत पडून राहोत.

आशा थोर होती. पण आम्ही वकील लोक एक गोष्ट धंद्यातूनच शिकतो. दस्तऐवज लिहिताना समोरचा मनुष्य कसा आहे हे पाहावयाचे नसते. त्याच्यामागून त्या दस्तऐवजाचा धनी कोण होईल हे पाहावयाचे असते. ऑगस्ट १९४९ मध्ये सभागृहासमोर नेहरू आणि पटेल बसले होते. सभासदांनी त्यांच्याकडे पाहून मत दिले. कामतांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहून मत दिले. आणि ते कलम पुढे कितीदा वापरले गेले? शंभराहून अधिक वेळा. गोव्यानेही १९९०, १९९९ आणि २००५ साली त्याचा अनुभव घेतला. मृत म्हणून ठेवलेली कलमे आपल्याकडे फार दीर्घायुषी ठरतात.

गोमंतकातील वाचकांस या विषयाचा आणखी एक पदर जवळचा वाटेल. पोर्तुगालच्या १९३३ च्या घटनेत नागरिकांच्या हक्कांची यादी होती. पण त्याच कलमाच्या पोटात अशी मेख होती, की भाषणादी स्वातंत्र्याचा उपभोग कसा घ्यावा हे विशेष कायद्यांनी ठरवावे. ज्याने यादी वाचली त्यास वाटावे, येथे सर्व काही आहे. प्रत्यक्षात १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. लोहिया बोलावयास उभे राहिले, तेव्हा परवान्यावाचून सभेत बोलणे हाच गुन्हा होता. पुढे १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि भारतीय घटनेतील मूलभूत हक्क गोमंतकीयांस लाभले. परंतु त्यानंतर अवघ्या दहा महिन्यांनी, २६ ऑक्टोबर १९६२ रोजी, चिनी आक्रमणामुळे आणीबाणी पुकारली गेली आणि ३ नोव्हेंबरच्या हुकमाने, भारत संरक्षणाच्या वटहुकमाखाली धरलेल्या माणसास २१ व २२ या कलमांच्या आधारे न्यायालयात जाणे बंद झाले. चिन्यांनी युद्धविराम केला तो महिना नोव्हेंबर १९६२. आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ रोजी. गोव्याची पहिली विधानसभा निवडली गेली ती आणीबाणीत, आणि १६ जानेवारी १९६७ चा सार्वमताचा कौल दिला गेला तोही आणीबाणीतच. किती जणांच्या हे ध्यानात असेल? संकट महिन्याभराचे आणि अधिकार पाच वर्षांचा, असा हा हिशेब. त्या काळातील लोकसभेत, १९६२ पासून १९६७ पर्यंत, कामत सभासद होते. आपण ज्या कलमाविरुद्ध उभे राहिलो त्याचा अंमल आपल्याच डोळ्यांनी पाहण्याची पाळी त्यांच्यावर आली.

येथे एक प्रश्न वाचक विचारील, आणि तो योग्य आहे. १९४९ च्या त्या कलमांवर कामतांचे मत नोंदलेले कोठे आहे? तर नावानिशी ते कोठेच नाही. घटनासमितीत बहुतेक कलमे आवाजी मतांनी संमत झाली. होकाराचा गलका मोठा आणि नकाराचा लहान, एवढे अध्यक्षांच्या कानांनी ठरवायचे. परमेश्वराच्या उपसूचनेवर हात मोजले गेले, पण कोणाचे हात कोणत्या बाजूस होते हे तेथेही लिहिलेले नाही. कामतांचे मत आपणास कळते ते त्यांच्या भाषणामुळे आणि कलम संमत झाल्यावरच्या त्या उद्गारांमुळे. अन्य कित्येकांनी मनातल्या मनात नकार दिला असेल, पण इतिहासाच्या वहीत तो जमा नाही. लोकप्रतिनिधीचे मत हे मतदारांचे धन आहे. ते कोठे खर्च झाले हे पाहण्याचा अधिकार मतदारांस असला पाहिजे. ज्या सभागृहात मंत्र्यांचे अधिकार वाढविणारी विधेयके गलक्यावर संमत होतात, तेथील सभासदास पुढे कोणी जाब विचारू शकत नाही, आणि ज्याने धैर्य दाखविले त्याचे श्रेयही त्यास मिळत नाही.

मतांच्या मोजदादीचे महत्त्व कामतांस स्वतःच्या बाबतीतही कळावे, असा योग पुढे आला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते नर्मदाकाठच्या होशंगाबाद मतदारसंघातून (आताचे नर्मदापुरम्) उभे राहिले आणि १७४ मतांनी पडले. विजयी उमेदवार सय्यद अहमद इसहाक यांस ६५,३७५ मते होती व कामतांस ६५,२०१. दोन मतदान केंद्रांवर लोकसभेच्या मतदारांस चुकून विधानसभेच्या मतपत्रिका दिल्या गेल्या होत्या. एकीवर हिरवी पट्टी असावयाची, दुसरीवर तपकिरी. अशी ३०१ मते विजयी उमेदवाराच्या पारड्यात मोजली होती. कामतांनी तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. ९ डिसेंबर १९५४ रोजी सात न्यायमूर्तींनी ती मते बाद ठरविली. तथापि कामतांस विजयी म्हणून जाहीर न करता सगळी निवडणूकच रद्द केली. पोटनिवडणूक झाली आणि १९५५ साली कामत लोकसभेत गेले. कायद्याच्या अभ्यासकांस तो निकाल अद्यापि वाचावा लागतो; उच्च न्यायालयांनी खालच्या न्यायाधिकरणांच्या चुका कोणत्या मर्यादेत दुरुस्त कराव्या, याचा तो आधार आहे. आम्हांस त्यातून निराळेच दिसते. नियमाने मोजलेल्या एका मतपत्रिकेसाठी जो मनुष्य तीन वर्षे भांडतो, तो मंत्र्याच्या हाती बिनमोजणीची सत्ता कशी देईल?

आता १९७५. त्या वर्षीच्या २५ जूनच्या रात्री ‘अंतर्गत अशांतता’ या शब्दांवर आणीबाणी पुकारली गेली. राष्ट्रपतींची सही पंतप्रधानांच्या शिफारशीवर झाली. मंत्रिमंडळाची बैठक भरली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे गोष्ट घडून गेल्यावर. १९४९ साली कामत मंत्रिमंडळाच्या सत्तेस भीत होते. प्रत्यक्षात मंत्रिमंडळाचीही गरज लागली नाही. २७ जूनच्या हुकमाने न्यायालयाची दारे बंद झाली. महिन्याने लोकसभेपुढे मंजुरीचा ठराव आला तेव्हा ३३६ सभासदांनी होकार दिला, ५९ जणांनी नकार. राज्यसभेत हे आकडे १३६ आणि ३३ असे होते. विरोधी पक्षांचे अनेक नेते त्या वेळी तुरुंगात होते. एकंदर एक लाखाहून अधिक माणसे त्या काळात स्थानबद्ध झाली.

त्यांपैकी काहींनी उच्च न्यायालयांकडे धाव घेतली आणि नऊ उच्च न्यायालयांनी त्यांचे अर्ज ऐकण्यास घेतले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रकरण जबलपूरच्या नावाने ओळखले जाते. त्याच नर्मदेच्या वरच्या अंगाचे हे गाव. २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायमूर्तींनी निकाल दिला, की हुकूम चालू असेतो स्थानबद्ध मनुष्यास आपली अटक बेकायदा आहे असेही न्यायालयात म्हणता येणार नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरुद्ध गेले. त्यांच्या मताची किंमत त्यांस लवकरच मोजावी लागली. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपद त्यांस डावलून दुसऱ्यास देण्यात आले. २० ऑगस्ट १९४९ रोजी संमत झालेले कलम सत्तावीस वर्षांनी आपल्या शब्दांचा पुरेपूर अर्थ वसूल करून गेले.

परंतु कथा येथे संपत नाही, आणि म्हणूनच ती सांगण्यासारखी आहे. १९७७ च्या निवडणुकीत कामत पुन्हा होशंगाबादेतून निवडून आले. सत्तर वर्षांचे झाले होते. १९७८ साली ज्या संसदेने घटनेची ४४ वी दुरुस्ती संमत केली, तिच्या लोकसभेत ते बसले होते. ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल शब्द काढून ‘सशस्त्र उठाव’ हे आवळ शब्द घातले गेले. मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींस लेखी कळविल्यावाचून आणीबाणी पुकारता येणार नाही असे ठरले. संसदेची मंजुरी दोन महिन्यांऐवजी एका महिन्यात, तीही हजर सभासदांच्या दोन तृतीयांश मतांनी, मिळविली पाहिजे. लोकसभेच्या एक दशांश सभासदांनी मागणी केली तर आणीबाणी उठविण्याच्या विचारार्थ सभा बोलविली पाहिजे. आणि २० व २१ या कलमांचे, म्हणजे जीविताच्या व देहस्वातंत्र्याच्या हक्कांचे, दार आणीबाणीतही बंद करता येणार नाही. १९४९ साली ज्या तक्रारींस सभागृह कंटाळले होते, त्यांपैकी मोठा वाटा एकोणतीस वर्षांनी घटनेत शिरला. पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी जबलपूरचा निकालही चुकीचा म्हणून रद्द ठरविला. हे शेवटचे पाहावयास कामत नव्हते. ते १९८२ साली निवर्तले.

दुरुस्ती पुरी झाली काय? नाही. त्याच ४४ व्या दुरुस्तीत विनाचौकशी स्थानबद्धतेवर अधिक कडक मर्यादा घालणारी एक तरतूद होती; चौकशी मंडळाच्या अभिप्रायावाचून मनुष्यास तीन महिन्यांऐवजी दोनच महिने अडकविता यावे, अशी. ती तरतूद अमलात कधी आणावी हे ठरविण्याचे काम सरकारकडे सोपविले होते. त्यानंतर निरनिराळ्या पक्षांची सरकारे आली आणि गेली. ती तरतूद अद्याप अमलात आलेली नाही. विरोधी बाकांवर असताना अशा अधिकारास हरकत घेणारे, खुर्ची मिळताच तारीख घालावयास विसरतात. मंत्र्यांची सत्ता कमी करणारा कायदाही मंत्र्यांच्याच सवडीने चालू व्हावा, यासारखा विनोद दुसरा नाही.

आमच्या वकिलीच्या आरंभीच्या काळातील एक हकीकत येथे सांगण्याचा मोह होतो. एका देवस्थानच्या महाजनांचा तंटा आमच्याकडे आला होता. एका पावसाळ्यात अग्रशाळेचे छप्पर कोसळले. उत्सव तोंडावर आलेला. महाजनांच्या सभेने अध्यक्षांस तातडीची मुखत्यारी दिली, की सभेच्या मंजुरीवाचून त्यांनी खर्च करावा. छप्पर त्याच वर्षी शाकारले गेले. मुखत्यारी मात्र अकरा वर्षे चालली, कारण ठरावात मुदत घालण्याचे कोणास सुचले नव्हते. अध्यक्ष लबाड होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांस सवय झाली होती, आणि महाजनांसही. शेवटी हिशेबाचा प्रश्न निघाला तेव्हा आम्ही सभांच्या इतिवृत्ताची वही चाळली. अकरा वर्षांपूर्वीच्या पानावर दोन ओळी होत्या. एका वृद्ध महाजनाने त्या ठरावास विरोध केला होता आणि मुदत घातल्यावाचून असा अधिकार देऊ नये, हे आपले म्हणणे हट्टाने लिहवून घेतले होते. त्या दिवशी सभेतले सगळे त्यांच्यावर रागावले असणार. छप्पर कोसळले असता हे काय घेऊन बसलात, असे म्हणाले असणार. ते गृहस्थ केव्हाच कैलासवासी झाले होते. पण अधिकार तातडीपुरताच होता हे दाखवावयास आम्हांस त्या दोन ओळींचाच आधार मिळाला आणि आपसात तडजोड घडली.

कामतांच्या १९४९ च्या मताचे मोल आम्ही याच मापाने करतो. अल्पमताने त्या दिवशी काही वाचत नाही. कलम संमत होते, ठराव संमत होतो, अध्यक्ष पुढचा विषय पुकारतात. परंतु वहीत एक ओळ राहते, आणि पुढची पिढी जेव्हा घर शाकारावयास निघते तेव्हा तुळई कोठे कुजली होती हे ती ओळ सांगते. म्हणून आपण ज्यांस निवडून देतो त्यांच्या भाषणांचे, पुष्पहारांचे, देवळास दिलेल्या देणग्यांचे हिशेब ठेवण्याआधी एक हिशेब अवश्य ठेवावा. मंत्र्यांचे अधिकार वाढविण्याचा प्रश्न आला तेव्हा यांनी हात कोठे ठेवला? आपल्याच पक्षाचे मंत्री असताना कोठे ठेवला, आणि दुसऱ्यांचे असताना कोठे? दोन्ही वेळी एकाच जागी असेल तर मनुष्य भरवशाचा समजावा.

कामतांच्या दोन्ही मतांत देवाचे नाव आहे हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. ऑक्टोबरात त्यांनी ते घटनेच्या कपाळावर लिहावयास सांगितले. ऑगस्टमध्ये कलम संमत झाल्यावर त्यांनी देवाचाच धावा केला. आपल्याकडे अडचणीच्या प्रसंगी ‘देवाक काळजी’ म्हणून माणसे कामास लागतात, आणि काही माणसे तेवढेच म्हणून घरी बसतात. कामत पहिल्या जातीचे. आधी धुंडाळले, बोलले, विरोध केला, आणि मग जे उरले ते देवावर सोपविले. परमेश्वराच्या नावासाठी त्यांस ४१ हात मिळाले. माणसाच्या देहस्वातंत्र्यासाठी त्यांच्या बाजूस किती होते, हे त्या दिवशी कोणी मोजलेही नाही.